‘घर सांभाळून’ : एका शब्दप्रयोगाची परीक्षा

वाङ्मयाची परीक्षा करावयाची म्हणजे त्यातील थोर ग्रंथ पुढे घ्यावयाचे, अशी आपली चाल आहे. आणि ती गैर आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि समाजाच्या मनाचा थांग पुष्कळदा त्याच्या किरकोळ लेखनातच लवकर लागतो. वर्तमानपत्रांच्या महिलाविषयक पुरवण्या, संस्थांच्या स्मरणिका, बचत गटांच्या मेळाव्यांचे वृत्तान्त, सत्कारसमारंभात वाचली जाणारी मानपत्रे, हे लेखन टीकाविषय म्हणून सहसा कोणी हाती घेत नाही. परंतु ज्या घरांत वर्षाकाठी एकही कादंबरी येत नाही, त्या घरांतही ते वाचले जाते. या लेखनात ‘यशोगाथा’ नावाचा एक प्रकार आता चांगलाच रुजला आहे. घरच्या घरी लहानसा धंदा सुरू करून तो नावारूपास आणणाऱ्या स्त्रीची हकिगत, हा त्याचा एक आवडता विषय. त्या प्रकाराची, आणि त्यातील एका लाडक्या शब्दप्रयोगाची, परीक्षा करावी एवढाच या लेखाचा हेतू आहे. तो शब्दप्रयोग म्हणजे ‘घर सांभाळून’.

या हकिगतींचा साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. आरंभी संसारावर एखादे संकट येते. मग नायिकेच्या अंगची जिद्द जागी होते. पापड, मसाला, शेवया, शिवणकाम किंवा मुलांचे डबे यांपैकी काहीतरी ती हाती घेते. पहिले गिऱ्हाईक शेजारचे असते. काही वर्षांनी एखाद्या व्यासपीठावर तिच्या हाती मानचिन्ह येते. शेवटच्या परिच्छेदात लेखक आवर्जून सांगतो की, हे सर्व तिने घर सांभाळून केले. सासूसासऱ्यांची सेवा चुकली नाही, मुलांचा अभ्यास मागे पडला नाही, सणवार राहिले नाहीत. जणू धंद्याची हकिगत हा पूर्वपक्ष असून, त्याचे प्रायश्चित्त या शेवटच्या परिच्छेदात घेतले जाते.

आता हाच शब्दप्रयोग पुरुषाला लावून पाहावा. लातूरच्या गंजगोलाईतील एखाद्या कापड व्यापाऱ्याविषयी किंवा नांदेडच्या वजिराबादेतील एखाद्या दुकानदाराविषयी, त्याने घर सांभाळून दुकान चालविले असे कोणी लिहिले आहे काय? लिहिले तर वाचणारा हसेल. त्याचे घर कोणीतरी सांभाळीत होते म्हणून त्याचे दुकान चालले, हे सर्वांस ठाऊक असते. म्हणूनच ते सांगण्याची गरज पडत नाही. स्त्रीच्या बाबतीत मात्र घर कोणी सांभाळले, या प्रश्नाचे उत्तर ‘तिनेच’ असे देऊन लेखक पुढे जातो, आणि ते कसे सांभाळले, किती तासांत सांभाळले, त्यासाठी कशावर पाणी सोडले, हे विचारण्याचे टाळतो. ज्या ठिकाणी हकिगतीचा खरा गाभा असावयाचा, नेमक्या त्याच ठिकाणी हा शब्दप्रयोग झाकण घालतो.

यशोगाथेच्या आधी आमच्या कथा-कादंबऱ्यांत, आणि पुढे चित्रपटांतही, याच विषयाचा दुसरा एक साचा होता. त्यातील विधवा आई पापड लाटते, चार घरचा स्वयंपाक करते, रात्री शिवणयंत्रावर डोळे फोडते आणि मुलाला शिकविते. मुलगा पदवीधर होतो, त्याला नोकरी लागते, आणि पहिला पगार आईच्या हाती ठेवून तो म्हणतो की, आता तू हे काम करावयाचे नाहीस. वाचकांचे डोळे भरून येतात. या प्रसंगाकडे किंचित कोरड्या डोळ्यांनी पाहिले, तर एक गोष्ट ध्यानी येते. वीस वर्षे चाललेला, गिऱ्हाईक बांधलेला, घर पोसणारा एक उद्योग येथे बंद होत असतो. आणि तो बंद होण्यालाच लेखक सुखान्त मानतो. त्याच्या दृष्टीने धंदा हा घराला जडलेला एक रोग, आणि मुलाचा पगार हे त्यावरचे औषध. बाईच्या मनाला त्या दिवशी नेमके काय वाटले असेल, हे त्याने तिला विचारलेले नसते.

करुणेचा साचा आणि कौतुकाचा साचा हे वरवर पाहता परस्परविरोधी दिसतात. वस्तुतः दोघांचे वैगुण्य एकच आहे: धंद्याकडे धंदा म्हणून पाहावयाचे नाही. एकात तो दुःखाची खूण होतो, दुसऱ्यात सद्गुणाची. भांडवल, भाव, उधारी, मोबदला, हंगाम, तोटा ही जी कोणत्याही व्यवसायाची अंगे, ती दोन्हीकडे गैरहजर असतात.

असे का व्हावे? माझ्या मते याचे कारण लिहिणाऱ्याच्या घरात आहे. आमचा बहुतेक लेखकवर्ग, आणि त्यात आम्हा प्राध्यापक मंडळींचाही समावेश होतो, नोकरदारांच्या घरांतून आला. नोकरदाराचे काम सकाळी घराबाहेर जाते आणि संध्याकाळी पगार घेऊन परत येते. त्यामुळे काम एकीकडे आणि घर दुसरीकडे, आणि त्या दोहोंचा तोल राखावयाचा, ही कल्पना त्याला निसर्गसिद्ध वाटते. परंतु मराठवाड्यातील कारागिरांच्या घरांत अशी दोन पारडी केव्हाच नव्हती. कोष्ट्याची बायको कांड्या भरीत असे, कुंभाराची बायको माती मळीत असे, शिंप्याची बायको काजी करून गुंड्या लावीत असे. चूल आणि चाक एकाच छपराखाली होती. तेथे बाईने धंदा ‘सुरू’ करावयाचा प्रश्नच नव्हता; ती त्यात होतीच, फक्त तिचे नाव त्यात नव्हते.

ही गोष्ट ओळखणारी एक कादंबरी याच मातीतून आली, हे आपले भाग्य. लातूर जिल्ह्यातील काटगावचे रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. खेड्यातल्या एका शिंप्याच्या घराची पडझड तीत त्याच्या बायकोने आपल्या बोलीत सांगितली आहे. निवेदन बायकोच्या तोंडी देण्यात बोराड्यांनी जी दृष्टी दाखविली, तिचे मोल केवळ शैलीपुरते नाही. नवऱ्याच्या हातून ही कथा आली असती, तर ती बदलत्या काळाची आणि कारागिराच्या मानापमानाची कथा झाली असती. बायको सांगते म्हणून धंद्याला बसलेला प्रत्येक धक्का घरात कोठे उमटतो, हे वाचकाला दिसते. धंदा खचतो तेव्हा घर वेगळे उभे राहत नाही. ‘घर सांभाळून’ हा शब्दप्रयोग त्या बाईच्या तोंडी निरर्थक ठरला असता. कारण तिला सांभाळावयाचे आहे ते एकच, आणि तेच हातातून सुटत आहे. बोराडे यांचे २०२५ साली निधन झाले. त्यांच्या या कादंबरीची चर्चा ग्रामीण साहित्य म्हणून पुष्कळ झाली आहे. व्यवसायाची कादंबरी म्हणून तिच्याकडे पाहणे मात्र बरेचसे बाकी आहे.

इंग्रजी वाङ्मयाशी परिचय असलेल्या वाचकाला येथे आर्नल्ड बेनेटच्या ‘दि ओल्ड वाइव्हज् टेल’ (१९०८) या कादंबरीची आठवण होईल. तीतील सोफाया ही कापडाच्या दुकानदाराची मुलगी. पळून जाऊन लग्न करते, पॅरिसमध्ये नवरा तिला सोडून जातो, आणि १८७० च्या वेढ्यात ती खोल्या भाड्याने देऊन व अन्नसामग्री विकून पैसा गाठीस बांधते. पुढे एक खाणावळवजा विश्रामगृह विकत घेऊन ते नमुनेदार चालविते. बेनेट तिच्यासाठी अश्रू ढाळीत नाही आणि तिला मानपत्रही देत नाही. ती भाव कसा करते, पै-पैचा हिशेब कसा ठेवते, हे तो सांगतो. आणि त्याच हिशेबी वृत्तीने तिचे आयुष्य कसे कोरडे होत गेले, हेही तितक्याच शांतपणे सांगतो. धंद्याने माणसाला दिले काय आणि त्याचे घेतले काय, हे दोन्ही रकाने तो भरतो. आमच्या यशोगाथेत जमेची बाजू तेवढी लिहिलेली असते. खर्चाचे पान कोरे असते.

खर्चाच्या पानावर काय असू शकते, याचे एक मराठी उदाहरण देतो. फलटणच्या बेबीताई कांबळे (१९२९–२०१२) यांचे ‘जिणं आमचं’ हे आत्मकथन पुस्तकरूपाने १९८६ मध्ये आले. त्या पुस्तकाचा विषय त्यांच्या समाजाचे जिणे हा आहे. दुकान हा नाही. परंतु त्यांनी पुढे मुलाखतीत जे सांगितले, ते या ठिकाणी महत्त्वाचे ठरते. पतिपत्नींनी थोड्याशा पैशांत द्राक्षे विकण्यापासून सुरुवात केली, मग भाजी, मग किराणा अशी वाढ केली. त्या छोट्या दुकानात बसून बेबीताई पुड्या बांधण्यासाठी आणलेले कागद वाचीत आणि लिहीत. आणि लिहिलेले नवऱ्याच्या दृष्टीस पडू नये म्हणून कित्येक वर्षे लपवून ठेवीत. एका स्त्रीने दुकान चालविले, घर चालविले, आणि त्या दोहोंच्या फटीत एक ग्रंथ लिहिला. पण तो लपवून लिहावा लागला, हे कोणत्या पारड्यात टाकावयाचे? ‘घर सांभाळून’ एवढ्याने त्या लपविण्याचा हिशेब लागत नाही.

आता वाङ्मयाकडून व्यवहाराकडे वळू. ज्या ठिकाणी घर आणि उद्योग यांचा मेळ खरोखर बसला, तेथे तो कसा बसला? मुंबईच्या गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती भाषिक स्त्रियांनी उसन्या आणलेल्या ऐंशी रुपयांवर पापडाचे काम सुरू केले. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. तीच पुढे ‘लिज्जत’ या नावाने देशभर माहीत झालेली संस्था. तिची कथा सांगताना सात जणींच्या जिद्दीचे वर्णन नेहमी येते, आणि ते रास्तही आहे. परंतु तिच्या वाढीचे मर्म मला तिच्या कामाच्या मांडणीत दिसते. पीठ मळण्याचे काम केंद्रावर होते. मळलेले पीठ वजन करून घरी न्यावयाचे, लाटून वाळवून परत आणावयाचे, आणि वजनाप्रमाणे लाटणावळ घ्यावयाची. प्रत्येक सभासद स्त्री मालकीची वाटेकरी. म्हणजे बाईच्या दिवसाचे तुकडे कसे पडतात हे आधी पाहिले, आणि मग काम त्या तुकड्यांत बसविले. तोल सांभाळण्याचा भार एकट्या बाईच्या गुणांवर टाकला नाही. त्याचा बराचसा भाग व्यवस्थेने उचलला. लाटण्याचे काम घरात राहिल्यामुळे घरकामही तिच्याकडेच राहिले, ही त्या मांडणीची मर्यादा मान्य करूनही तिचे महत्त्व कमी होत नाही.

गिरणगावातील खाणावळवाल्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या या स्त्रिया वाण्याकडून उधार माल घेत आणि सावकारी व्याजाखाली दबून जात. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापून त्यांना एकत्र आणले. एकमेकींच्या जामिनावर त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. ज्या कामाला तोवर सारे ‘रांधणे’ म्हणत होते, त्याला बँकेच्या दप्तरात ‘व्यवसाय’ हे नाव मिळाले. एका शब्दाच्या फरकाने व्याजाचा दर बदलतो, याहून शब्दाच्या सामर्थ्याचा दुसरा कोणता पुरावा टीकाकाराला हवा?

हे मुंबईचे झाले. आमच्या भागात याच खाणावळीचा नवा अवतार डोळ्यांसमोर आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकामुळे लातूरला, आणि त्याच्या पाठोपाठ नांदेडला, वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी गावोगावची मुले येऊन राहतात. त्यांच्या डब्यांवर आणि ‘मेस’वर कितीतरी घरे चालतात, आणि ती बहुतांशी बायका चालवितात. या धंद्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. समजा, एका घरी वीस मुलांचे डबे आहेत. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी चार पोळ्या धरल्या तर दिवसाला एकशे साठ. रविवारी संध्याकाळी सुट्टी देण्याची पद्धत आहे, ती वजा करूनही महिन्याला सुमारे साडेचार हजार पोळ्या होतात. एका पोळीस एक मिनिट धरले तरी नुसत्या पोळ्यांचे पंच्याहत्तर तास झाले. भाजी, आमटी, भात, भांडी आणि बाजारहाट निराळे. मुलगा गावी गेला की ‘खाडा’ धरून पैसे कापून द्यावयाचे. परीक्षा संपून मुले परतली की मिळकत थांबते. जागेचे भाडे थांबत नाही. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. ज्या गावात पाणी अशा रीतीने येते, त्या गावात वीस डबे घासण्याचे पाणी हीदेखील भांडवलाचीच बाब होय.

आता ही बाई भाव कसा ठरविते? पीठ, तेल, गॅस, भाजी यांची बेरीज करते, आणि उरते त्याला नफा म्हणते. त्या नफ्यातून तिच्या स्वतःच्या तासांची मजुरी वजा झालेली नसते. शाळेतून आल्यावर डबे भरणाऱ्या मुलीचीही नसते. म्हणजे ती ज्याला नफा समजते, तो बव्हंशी तिचाच न दिलेला पगार असतो. याचा परिणाम दूरवर पोहोचतो. मदतीला पगारी बाई ठेवावयाची म्हटली, तर तिला मजुरी द्यावी लागणार; आणि भावात ती मजुरी धरलेलीच नाही. मग धंदा वाढणार कसा? तो वीस डब्यांवर अडकतो, आणि आम्ही म्हणतो की बायकांना धंदा वाढविण्याची महत्त्वाकांक्षा नसते! ‘फावल्या वेळातला उद्योग’ हा शब्द आम्ही पुरवण्यांतून इतका घोटविला आहे की, त्या बाईच्या वहीतही तिच्या वेळाचा रकाना उरलेला नाही. वाङ्मयातील एक सैल शब्द माणसाच्या मिळकतीत असा उतरतो. या विषयाची परीक्षा करणे मला अगत्याचे वाटले, ते यासाठी.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो बाजूस सारण्यासारखा नाही. खेड्यातील एखादी तरुण स्त्री अशी यशोगाथा वाचून धीर धरते, बचत गटात नाव घालते, उंबरठ्याबाहेर पाऊल टाकते; त्या बिचारीपुढे खर्चाचे पान कशासाठी उघडावयाचे? शिवाय, ‘घर सांभाळून’ हे शब्द तिच्या घरच्या मंडळींना शांत करण्यासाठी असतात. त्यांच्या आडोशाने तिला वाट मिळते. हे दोन्ही मला मान्य आहे. आडोसा म्हणून या शब्दांनी एकेकाळी काम केले असेल. परंतु ज्या स्त्रीने घर सांभाळून सर्व केले असे छापून येते, ती वाचून दुसरी स्त्री केवळ धीर घेत नाही, ती स्वतःची तुलनाही करते. तिच्या घरी मूल आजारी पडते, एक दिवस डबा चुकतो, सासू रुसते. आणि तिला वाटते की उणेपणा आपल्यात आहे. कधी ती धंदा सोडते, कधी प्रकृती. कौतुकाने घातलेली ही भीती निंदेपेक्षा अधिक खोल जाते, कारण तिला उत्तर देता येत नाही.

मराठवाड्यातील स्त्रियांना सत्य सोसत नाही, असे मानण्याचे तर काहीच कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त केली. पुढे घरदुरुस्तीची सरकारी योजना गावोगाव पोहोचविण्यासाठी महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोगा’ने ते काम संघटित केले. कालपर्यंत परपुरुषासमोर न बोलणाऱ्या बायका अनुदानाचे हप्ते, लोखंड आणि सिमेंट यांविषयी गावसभेत बोलू लागल्या. त्यातून पुढे बचत गट आणि लहान उद्योग उभे राहिले. भिंत कशी पडते हे ज्यांनी पाहिले, त्यांना पाया भरताना काय काय लागते, हे सांगितले तर त्या घाबरत नाहीत. उलट, तेच त्यांना हवे असते.

नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी मराठी वाचकाला एक सवय लावली: पूज्य झालेल्या कल्पनेसमोर हात जोडण्यापूर्वी ती कोणाच्या सोयीची आहे, हे विचारण्याची. ‘घर सांभाळून’ या कल्पनेलाही तोच प्रश्न केला पाहिजे. ती सोयीची आहे घरातील इतरांना, कारण त्यांच्या वाटणीचे काम त्यामुळे त्यांच्याकडे येत नाही. माल स्वस्तात घेणाऱ्या व्यापाऱ्याला, कारण बाईची मजुरी भावात धरली जात नाही. आणि लेखकाला, कारण त्याला हकिगतीचा अवघड भाग लिहावा लागत नाही. जिच्या कौतुकासाठी ती योजिली, तिच्या सोयीची ती दिसत नाही.

मग लिहावे कसे? यशोगाथा लिहूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. त्या लिहिताना काही साध्या गोष्टी विचाराव्यात. तिचा दिवस किती वाजता सुरू होतो आणि किती वाजता संपतो? कर्ज कोणाच्या नावावर आहे, आणि खाते कोणाच्या? पाणी कोण भरतो? ती चार दिवस अंथरुणाला खिळली तेव्हा चुलीपाशी कोण उभे राहिले? तिने आपल्या तासाचा भाव काय धरला आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर मानपत्र कदाचित थोडे कमी गोड होईल. पण ते वाचून धंद्यात पडू पाहणारी दुसरी स्त्री काहीतरी शिकेल, आणि तिच्या घरची मंडळीही काहीतरी शिकतील. कोणास ठाऊक, एखादा नवरा सकाळी उठून कणीक मळू लागेल.

कथालेखकांना तर यात मोठेच क्षेत्र मोकळे आहे. शिंप्याच्या बायकोला बोराड्यांनी पन्नास वर्षांपूर्वी बोलते केले. डबे देणारी, पिठाची गिरणी चालविणारी, मसाला कांडपाचे यंत्र हप्त्याने घेणारी बाई अजून मराठी कादंबरीत आपल्या तोंडाने बोललेली नाही, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. तिच्याजवळ एक वही असते. तीत दूधवाल्याचे, गॅसवाल्याचे आणि खाड्यांचे आकडे असतात. ती वही मागून घेऊन शांतपणे वाचावी, आणि तीत न लिहिलेले रकाने कोणते, हे तिलाच विचारावे. चांगल्या लेखकाला तेवढी सामग्री पुरेशी आहे.